कवितेवर ऑर्केस्ट्रा: शब्द गाळले तर कविता उरते का?

तलावपाळी (ठाणे): बालकवींच्या 'औदुंबर'वर दहा मिनिटांची वाद्यवृंदाची रचना लिहितोय. गायक नाही, निवेदक नाही. कवितेच्या आठ ओळी कार्यक्रमपत्रिकेवर छापायच्या, मग फक्त वाद्यं. मी अडकलोय कवितेतल्या त्या पांढऱ्या पायवाटेत. हिरव्या कुरणांमधून ती काळ्या डोहाकडे जाते. बासरी एकटी निघते, तिचा सूर क्लॅरिनेट खालच्या पट्टीत उचलतं, मग चेलो, आणि डोहाशी डबल बेसचा एकच लांबवलेला सूर. रंगांचा हा उतार गळ्यापेक्षा वाद्यांत जास्त नेमका येतो, असं माझं ठाम मत आहे.

वाशीकर: अजिबात पटत नाही. 'ऐल तटावर पैल तटावर' नुसतं म्हणून बघा, आठ-आठ मात्रांची लय आपोआप चालू लागते. संगीत त्या शब्दांतच आहे. ते काढलेत की उरेल कुठल्याही तळ्याचं वर्णन. पत्रिका घरी विसरलेल्याला बालकवी भेटणार कसे?

तलावपाळी: फ्रेंच कवी मालार्मेच्या कवितेवर संगीतकार देबुसीनं १८९४ मध्ये वाद्यवृंदाची रचना केली, तीही एकट्या बासरीनंच सुरू होते. एक शब्द नाही. कवितेत आधीच संगीत आहे म्हणून मालार्मे सुरुवातीला साशंक होता, म्हणजे तुमच्याच बाजूचा! ऐकल्यावर त्यानंच दाद दिली.

घणसोलीची वाचक: माझा आक्षेप वेगळा. फ्रेंच संगीतकार ड्यूकानं जर्मन कवी गटेच्या कवितेवर १८९७ मध्ये रचना केली, पण तिथे गोष्ट होती: मंत्र टाकलेला झाडू पाणी भरत सुटतो, थांबतच नाही. संगीताला धावायला वाट मिळते. 'औदुंबर'मध्ये घडत काहीच नाही. दहा मिनिटं ताणलीत तर पाचव्या मिनिटाला लोक मोबाईल काढतील.

तलावपाळी: हे मान्य, सहा मिनिटांत बसवतो. पण घडत नाही कसं? नजर पैल टेकडीकडच्या गावाकडून डोहापर्यंत सरकते, तीच हालचाल.

वाशीकर: मग निदान शेवटी एक मानवी आवाज ठेवा, बिनशब्दांचा. देबुसीनंच 'नॉक्टर्न्स' या वाद्यवृंदाच्या रचनेमध्ये बायकांच्या कोरसला शब्दांविना गायला लावलंय.

तलावपाळी: नको. त्या आठ ओळींत माणूसच नाही. चार घरांचं गाव आहे, तेही लांब.

वाशीकर: आणि जळात पाय टाकून बसलेलं झाड? बालकवींनी त्याला माणसासारखं बसवलंय. तिथे नुसता डबल बेस मला पुरणार नाही.