होनोलुलू मॅरेथॉन: आदल्या रात्री काय खावं?

सातारकर_पळपुटा: डिसेंबरात पहिलीच 42 किमी. सातारा हिल अर्धी मॅरेथॉन दोनदा झालीय, पण होनोलुलूच्या दमट हवेची धास्ती आहे. मासे खातो, कच्चे कधी नाही.

दमलेला_काका: पहाटे 5 ला सुटते, वेळेची मर्यादा नाही, निवांत पळा. डायमंड हेड डोंगराचा चढ जाताना-येताना दोनदा लागतो. परतीचा जीव काढतो. आदल्या रात्री पोके नकोच! कच्चा टूना, सोया सॉस, तिळाचं तेल... पदक मिळाल्यावर वाडगाभर हाणा. आधी साधा भात.

मिशीवाला: आणि मालासादा! पोर्तुगीज मजुरांनी हवाईत नेलेला, तळून साखरेत घोळवलेला गरम गोळा. मी चार खाल्ले. पदक गळ्यात, साखर मिशीला.

सातारकर_पळपुटा: भाताबरोबर दही मिळेल ना?

दमलेला_काका: सुपरमार्केटात बिनसाखरेचं बघून घ्या. मी व्हॅनिलावालं कालवलं होतं.