गेमबुकमधले नशीब: ‘परीक्षा घ्या’ की ‘आजमावा’?

पानउलट
गेल्या दिवाळीपासून मी माझ्या भाचीसाठी मराठीत एक गेमबुक लिहीत आहे, म्हणजे वाचकानेच नायक होऊन, पुढची वाट निवडत आणि फासे टाकत खेळायची गोष्ट. शाळेत असताना मुंबईत फाउंटनच्या पदपथावर स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांचे १९८२ चे ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ मिळाले, तेव्हापासून ही पुस्तके माझ्याबरोबर आहेत. माझ्या गोष्टीचा साचाही तोच आहे: चारशे क्रमांकित उतारे, दोन फासे, आणि वाचकाच्या अंगी कौशल्य, दम व नशीब असे तीन गुण. अडचण नशिबापाशी आली. तिथे दोन फासे टाकायचे, पडलेले दान आपल्या नशिबाच्या आकड्याइतके किंवा त्याहून कमी असले तर निभावले, आणि निकाल काहीही लागो, नशिबातून एक वजा करायचा. या कृतीला मी ‘नशिबाची परीक्षा घ्या’ असे लिहिले होते. ते मोठ्याने वाचत असताना आई आतून म्हणाली, “परीक्षा नशीब आपली घेते, आपण त्याची घेत नाही. ‘नशीब आजमावून पाहा’ असे लिही.” तिचे म्हणणे कानाला पटते, पण ‘मुंबईत नशीब आजमावायला गेला’ यात एका माणसाची दहा वर्षे असतात, आणि माझ्याकडे फाशांची एकच फेक आहे. हा शब्द इतक्या लहान कृतीला पेलेल का?

सोंगटी
नक्कीच पेलेल. आखाड्यात दोन मल्ल हात मिळवताना एकमेकांची ताकद आजमावतात, त्याला किती वेळ लागतो? ‘आजमावणे’ म्हणजे वजन हातात घेऊन पाहणे. शब्द फारसीतून आला आहे, आणि आपला ‘अजमास’ही मला त्याच घरातला वाटतो. परीक्षेत कोणी तरी वर बसलेला असतो, आजमावण्यात तो नसतो. आपल्या आईंचे म्हणणे बरोबर आहे.

शुद्धाक्षर
मुलांसाठी नवे काही घडवत असताना ‘नशीब’ अरबी आणि ‘आजमावणे’ फारसी, असे दोन्ही शब्द बाहेरचेच का घ्यावेत? ‘दैवपरीक्षा’ हा शब्द सुटसुटीत आहे, त्याला भारदस्तपणा आहे, आणि किल्ल्यातल्या गोष्टीत तो शोभेल. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला तो काही हौसेखातर नव्हे. दरबारातल्या यावनी, म्हणजे फारसी-अरबी, शब्दांना संस्कृत पर्याय देण्याची गरज त्या काळालाही वाटली होती.

उत्खनक
कोशाबद्दल आदर आहे, पण त्यातले किती शब्द लोकांच्या तोंडी बसले, हेही पाहायला हवे. माझा मुद्दा मात्र वेगळा आहे. ‘नशीब’ म्हणजे मुळात वाटा, वाट्याला आलेला हिस्सा. ‘भाग्य’ही ‘भाग’ या शब्दाशी जोडलेले आहे, म्हणजे पुन्हा वाटाच. ‘दैव’ मात्र देवाकडचे; ते मोजून मिळत नाही आणि वापरून संपत नाही. या खेळात तर नशीब खर्च होते! सुरुवातीला एका फाशाच्या दानात सहा मिळवून ते ठरते, म्हणजे सात ते बारा, आणि मग प्रत्येक फेकीला एकेक उतरते. बारा असताना दान चुकूच शकत नाही; सातवर आले की छत्तीसपैकी एकवीस वेळाच साधते. पदरात पडलेला वाटा जपून वापरायचा, हा त्या नियमाचा सगळा जीव आहे, आणि तो ‘दैवा’त येत नाही.

शुद्धाक्षर
मग ‘भाग्य’ घ्यावे.

उत्खनक
मराठीत भाग्य बहुधा चांगलेच असते. ‘फुटके नशीब’ आपण सहज म्हणतो, ‘फुटके भाग्य’ तसे म्हणत नाही. पाच उरलेले नशीब फुटकेच म्हणायला हवे.

दूरदेशी
मी लंडनला राहतो आणि अशा पुस्तकांचा संग्रह करतो. लेखक जो डेव्हर यांच्या १९८४ साली सुरू झालेल्या ‘लोन वुल्फ’ या गेमबुक-मालिकेत नशीब हा गुणच नाही आणि फासेही नाहीत. शून्य ते नऊ आकड्यांच्या तक्त्यावर डोळे मिटून पेन्सिल टेकवायची. त्यामुळे मला ‘दम’ या शब्दाविषयी अधिक बोलावेसे वाटते. ‘दम लागला’ म्हणजे दम संपला, ‘दम खाल्ला’ म्हणजे विश्रांती घेतली, ‘दम दिला’ म्हणजे धमकावले. ‘दम दोनने कमी झाला’ हे वाचून मूल गोंधळेल. दमासाठी मूळ इंग्रजी पुस्तकात असलेला ‘स्टॅमिना’ हा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ मागावरचे उभे धागे. दैवाच्या देवता माणसाचे आयुष्य कातत असत, ते हे धागे. आपल्याकडे ‘आयुष्याची दोरी बळकट’ असे म्हणतातच. या गुणाला ‘दोरी’च का म्हणू नये?

सोंगटी
कल्पना सुंदर आहे, पण दोरी एक तर असते नाही तर तुटते. जेवणाचा डबा उघडून दम चारने वाढवला की दोरी वाढली असे म्हणायचे का? त्यापेक्षा ‘तग’ पाहा.

‘फायरटॉप माउंटन’मधला आणखी एक नियम आठवला. लढाई सोडून पळायचे तर पळता पळता एक घाव सोसावा लागतो आणि दम दोनने कमी होतो. या कृतीला ‘पलायन’ लिहू नका, ‘पोबारा’ लिहा. ‘पोबारा करणे’ हा वाक्प्रचारच सोंगट्यांच्या खेळातून आला आहे. पौ-बारा हे त्यातले मोठे दान. फाशांच्या पुस्तकाला फाशांचाच शब्द मिळेल.

पानउलट
‘पोबारा’ आत्ताच वहीत लिहून घेतला. पण या निमित्ताने विचारतो: वाचकाला ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’?

शुद्धाक्षर
अनोळखी वाचकाला ‘तुम्ही’च. शिवाय ‘तुम्ही गेलात’, ‘तुम्ही थकलात’ ही रूपे मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालतात. ‘तू’ म्हटले की ‘गेलास’ की ‘गेलीस’ हे लेखकाला ठरवावे लागते, आणि वाचक कोण हे तर त्याला ठाऊकच नसते.

उत्खनक
‘तुम्ही’ने भुयारातली भीती निघून जाते, सरकारी सूचना वाचल्यासारखे वाटते. ‘तू’ राखूनही वाट काढता येते. ‘तू दार उघडलेस’ यात क्रियापद दाराच्या मागे जाते, आणि ‘तू उजवीकडे वळशील’ हे दोघांचेही आहे. अडते ते ‘प्यायलास’, ‘विसरलास’, ‘घाबरलास’ अशा ठिकाणी.

दूरदेशी
आणि या पुस्तकांत काढा पिण्याचा प्रसंग हमखास येतो.

शुद्धाक्षर
व्याकरणाला वळसे घालत लिहिलेले गद्य मुलांनाही जाणवते. ‘दैवपरीक्षे’बद्दलचे माझे मत कायम आहे, हेही नोंदवतो.

पानउलट
मी ‘तू’ ठेवून ‘गेलास’ लिहिले होते. भाचीने पहिले साठ उतारे वाचून वही परत दिली, तेव्हा तिने पेन्सिलीने प्रत्येक ‘गेलास’चे ‘गेलीस’ केलेले होते. नशिबाच्या वाक्याला तिने हात लावलेला नाही. आता तिचा धाकटा भाऊ तीच वही मागतो आहे.