डीएलएल अर्धवट आणि हातात वर्ग नाही, श्टुटगार्टमधून कसं पूर्ण करू?

कर्वेनगरची
नमस्कार मंडळी. पुण्यात रानडेतून जर्मन केलं, मग मॅक्सम्युलरची सी१ ही वरच्या पातळीची परीक्षा दिली आणि एका खासगी क्लासमध्ये ए१-ए२ च्या, म्हणजे सुरुवातीच्या बॅचेस घ्यायचे. शिकवता शिकवताच डीएलएल (जर्मन शिक्षकांसाठीचा ग्योथं इन्स्टिट्यूटचा कोर्स) सुरू केलं, तीन युनिट्स झाली आणि नवऱ्याच्या ब्लू कार्डमुळे (नोकरीच्या व्हिसामुळे) आम्ही श्टुटगार्टजवळ आलो. चौथं युनिट ऑनलाइन चालू आहे, वाचन-बिचन मुलगी झोपल्यावर होतं, पण गाडी अडलीये ती पेपवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक युनिटमध्ये आपल्याच वर्गात एक छोटा प्रयोग करायचा असतो, एक प्रश्न ठरवायचा, तासाला काहीतरी वेगळं करून बघायचं, काय झालं ते लिहून मांडायचं. आता वर्गच नाही तर प्रयोग कुणावर करू, नवऱ्यावर?

मुलीला किटा (पाळणाघर) अजून मिळालेली नाही (एक वर्ष झालं की कायद्याने हक्क आहे म्हणे, वेटिंग लिस्टला कायदा कोण सांगणार). दोनचार लँग्वेज स्कूलना मेल टाकल्या, सगळ्यांचा एकच प्रश्न, बाम्फची (स्थलांतर खात्याची) त्सुलासुंग, म्हणजे शिकवायची मान्यता, आहे का. नाहीये. मग डीएलएल सोडून आधी त्याच्या मागे लागू, की हे संपवू, की किटा मिळेपर्यंत गप्प बसू? सासूबाईंचं मत तिसरं आहे :)

नेकारकाठचा
त्सुलासुंग लागते ती इंटिग्रेशन कोर्सला शिकवायला. म्हणजे परदेशातून आलेल्यांसाठीचा तो ७०० तासिकांचा सरकारी कोर्स, ६०० भाषा आणि १०० ओरिएंटेशन. फोल्क्सहोखशुलेमध्ये (प्रौढ शिक्षणाच्या संस्थेत) त्याशिवाय संध्याकाळचे साधे ए१-ए२ कोर्सेसही असतात, तिथे बऱ्याचदा कोर्स-प्रमुखाला तुमचा अनुभव पटला की काम होतं. त्यांचे सेमिस्टर फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतात आणि शिक्षक काही महिने आधीच ठरलेले असतात, त्यामुळे आत्ताच मेल टाका, नाहीतर फोनच करा, इथे मेलला उत्तर येईलच असं नाही.

उमलाउट_मावशी
एवढं फिरायची गरजच काय? पुण्याच्या जुन्या क्लासला सांगून एक ऑनलाइन बॅच घे, शनिवारी सकाळी. उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, तिकडची दुपार होते. ट्यूटरला आधी विचार ऑनलाइन वर्ग चालेल का, आणि पेप झाला की मोकळी. फक्त पैसे घेतलेस तर ते भारतातल्या खात्यात आले म्हणून जर्मनीत दाखवायचे नाहीत असं नसतं हं, राहतेस इथे तर टॅक्स रिटर्नमध्ये दाखवायचे.

नेकारकाठचा
मावशी, पेप उरकेल हो, पण पुढे शिकवायचंय इथे ना? पुण्यातल्या वर्गात मुलं अडली की आपण मराठीत सांगून मोकळे होतो, विभक्ती म्हटलं की डाटिव्हचं निम्मं काम झालं. इथे एका बाकावर युक्रेनची बाई, शेजारी अफगाण मुलगा, मागे ब्राझीलचा इंजिनिअर, कुणाला इंग्लिश येतं कुणाला नाही, एकाला तर लॅटिन लिपीच नवीन. सगळं जर्मनमधून, हातवारे करून, चित्रं दाखवून. आणि चौथं युनिट नेमकं आउफगाबेन (वर्गात द्यायची कामं) आणि इंटरअ‍ॅक्शनवर आहे, पेपसाठी याहून चांगला वर्ग कुठे मिळणार. बहुतेक गावांत लायब्ररीत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये श्प्राखकाफे (जर्मन बोलायच्या सरावाचा गट) असतं, शिकवणारे व्हॉलंटिअर त्यांना कायम कमी पडतात. ठरलेला छोटा गट तीनचार वेळा मिळाला तरी प्रयोग होतो, ट्यूटरला मात्र आधी विचारून ठेवा.

कर्वेनगरची
श्प्राखकाफे डोक्यातच आलं नव्हतं! आमच्या गावात लायब्ररीत दर मंगळवारी असतं, बोर्ड पाहिलाय. पण मग त्सुलासुंगचं काय, ते कधीतरी लागणारच ना? आणि डिपेंडंट व्हिसावर फ्रीलान्स चालतं का?

पोटपूजा_ड्रेस्डेन
मी इंटिग्रेशन कोर्सच शिकवते म्हणून लिहिते. आउफेंटहाल्ट्सटिटेलवर (राहण्याच्या परवान्यावर) 'एर्वेर्ब्सटेटिगकाइट एरलाउब्ट' (काम करायला परवानगी) असं छापलेलं असेल तर नोकरीही चालते आणि स्वतःचा धंदाही. त्सुलासुंगसाठी बाम्फच्या साइटवर एक तक्ता आहे, कुठली डिग्री आणि कुठला अनुभव असला की थेट मिळते आणि कुणाला त्सुझात्सक्वालिफित्सीरुंग (जादा प्रशिक्षण) करावी लागते. ती ७० तासिकांची असते किंवा १४० ची, तुमच्या कागदांवर ठरतं. आधी तुमच्या डिग्रीची बॉनच्या झेडएबी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या कार्यालयाकडून बेव्हेर्टुंग (मूल्यमापन) करून घ्या, फी दोनशे युरोच्या आसपास आहे आणि वेळ लागतो, म्हणून हे आजच. डीएलएल अजिबात सोडू नका, अर्ध्यावर टाकलेलं सर्टिफिकेट इथे कुणी विचारात घेत नाही.

फ्रीलान्सचा हिशेब मात्र नीट करा. उत्पन्न मिनिजॉबच्या (छोट्या, कमी पगाराच्या नोकरीच्या) मर्यादेच्या वर गेलं की स्वतंत्र शिक्षकाला पेन्शन विमा सक्तीचा आहे, १८.६ टक्के, आणि सगळे आपल्याच खिशातून. शिवाय २०२२ चा तो हेरेनबर्गचा निकाल (तुमच्या शेजारचंच गाव!), म्युझिक स्कूलच्या पियानो शिक्षिकेला कोर्टाने फ्रीलान्सर नाही तर नोकरदार ठरवलं, तेव्हापासून फ्रीलान्स कॉन्ट्रॅक्ट द्यायला बऱ्याच संस्था कचरतात. परमनंट विचारायला लाजू नका.

कर्वेनगरची
झेडएबीचा फॉर्म उघडलाय. मंगळवारी लायब्ररीत जाऊन बघते. सप्टेंबरला सकाळचा कोर्स मिळाला तर घेऊ का, तोपर्यंत किटा मिळेल अशी आशा आहे.

उमलाउट_मावशी
सकाळचा नको गं. किटा मिळाली तरी आधी काही आठवडे आइनगेव्होनुंग (मुलाला रुळवायचा काळ) असते, आईबापापैकी एकाला तिथे बसावंच लागतं, आणि अर्ध्या तासात 'या, घेऊन जा' असा फोन येतो. संध्याकाळचा घे, जेवायला घालणं तुझ्या नवऱ्याला जमेल.