भडल्याच्या सौर उद्यानाने आसपासच्या गावांचे काय भले केले?

माळरान: राजस्थानात फलोदीजवळ भडला येथे सुमारे १४,००० एकरांवर २,२४५ मेगावॅटचे सौर उद्यान उभे आहे. उन्हाळ्यात पारा ४६ अंशांवर जातो आणि धुळीच्या वादळात समोरचे दिसेनासे होते, अशा त्या जमिनीचा याहून चांगला उपयोग झाला नसता, असे माझे मत आहे. मे २०१७ मध्ये येथील लिलावात विजेचा दर युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला. शिवाय रस्ते आले, आणि पहारेकऱ्याची का होईना, बारमाही पगाराची नोकरी आली.

पायवाट: ‘याहून चांगला उपयोग’ हे शब्द तिथल्या मेंढपाळाला ऐकवून पाहावेत. सरकारी दप्तरात पडीक म्हणून नोंदलेल्या त्या भूमीवर पाऊस झाला की सेवण गवत उगवते आणि त्यावर कळप जगतात; परंतु जमीन बहुतांशी सरकारी असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणाऱ्याच्या हाती कागद नाही, आणि कागद नाही म्हणून भरपाईही नाही. पॅनेल पुसण्याचे काम तरी मिळावे, तर काही प्रकल्पांत दिवस मावळल्यावर पाण्याविना चालणारी यंत्रे रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ब्रश फिरवत जातात. धुळीबरोबर रोजगारही झाडला जातो.

माळरान: मग पॅनेल काय पिण्याच्या पाण्याने धुवायचे? त्या मुलखात पाणी वाचणे हाच गावांचा मोठा लाभ आहे.

उपकेंद्र: पाण्याबाबत मी माळरान यांच्याशी सहमत आहे, कागदाबाबत नाही. कर्नाटकातील पावगड येथे २,०५० मेगावॅटच्या उद्यानासाठी जमीन विकत न घेता भाड्याने घेतली. आरंभी एकरी वर्षाला २१,००० रुपये ठरले आणि मालकी शेतकऱ्याकडेच राहिली. दुष्काळी तालुक्यात हे उत्पन्न थोडे नव्हे. मात्र तिथेही भाडे सातबारावाल्याला (कर्नाटकात त्या उताऱ्याला पहाणी म्हणतात) मिळाले आणि भूमिहीन मजुराची मजुरी बुडाली.

पायवाट: म्हणजे माझेच म्हणणे झाले. भडल्यात भाडे नको, निदान पॅनेलखाली वाढणारे गवत चारण्याचा हक्क तरी लेखी द्यावा. नाहीतरी सावली पडू नये म्हणून ते कापावेच लागते.

माळरान: याला माझी हरकत नाही, फक्त शेळ्या आत नकोत. त्या पॅनेलवर चढतात आणि तारा कुरतडतात. मेंढ्या चालतील.