समालोचना सभेत कृतिसंशोधन मांडायचंय, १५ मिनिटांत काय दाखवावं?

तिसरीच्या बाई, खानापूर
नमस्कार. कर्नाटकातली मराठी सरकारी शाळा, तिसरी, पट १७. संख्या सांगितल्या की मुलं २७ ला ७२ आणि २९ ला ३९ लिहितात, त्यावर कृतिसंशोधन (आपल्याच वर्गातल्या अडचणीवर उपाय करून बघणं) केलंय. आधी २० संख्यांचं श्रुतलेखन, मग तीन आठवडे रोज १० मिनिटं काड्यांचे गठ्ठे आणि संख्यापट्टी, शेवटी पुन्हा तेच श्रुतलेखन. डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) नमुन्यातला अहवाल परिशिष्टांसकट तयार आहे. आता क्लस्टरच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, समालोचना सभेत १५ मिनिटं मिळणार आहेत. तिथं कन्नड आणि उर्दू शाळांचे शिक्षकही असतात, सीआरपी (क्लस्टरचे साधनव्यक्ती) कन्नड माध्यमाचे. काय दाखवू, काय गाळू? टक्केवारीचा आलेख ठेवू का?

गठ्ठे_आणि_सुटे, चिकोडी
आलेख नको, बाई. १७ मुलांत एक मूल म्हणजे जवळपास ६ टक्के. दोघं गैरहजर राहिली की आलेख १२ टक्क्यांनी हलतो आणि सभेला वाटतं मोठा फरक पडला. सरळ आकडा लिहा: "१७ पैकी इतक्यांनी अदलाबदल केली."

त्याहून महत्त्वाचं, २७ चं ७२ आणि २९ चं ३९ या एका जातीच्या चुका नव्हेत. वह्या घेऊन वेगळ्या करा:

अदलाबदल: २७ ला ७२, ३६ ला ६३. सत्तावीसमध्ये 'सात' आधी ऐकू येतो, मूल ऐकलं त्याच क्रमानं लिहितं.
पुढचा दशक: २९ ला ३९. 'एकोणतीस'मधला 'तीस' पकडला आणि नऊ जोडला. कुणी ३१ लिहितं, त्यानं 'एकोण'चा 'एक' ऐकलाय.
ध्वनीचा घोळ: त्रेपन्न-त्रेसष्ट, पंचेचाळीस-पंचावन्न.
विस्तार: एकशे पाचला १००५. हा स्थानिक किमतीचा प्रश्न, संख्यानावाशी त्याचा संबंध नाही.

काड्यांचे गठ्ठे चौथ्यावर नक्की चालतात. पहिल्या दोन्हींवर चालतील की नाही हे तुमच्याकडच्या वह्याच सांगतील, आणि सभेला ऐकण्यासारखं असेल तर तेच. सगळ्या चुका एकत्र मोजल्या तर उपाय कशावर लागू पडला ते तुम्हालाही कळणार नाही.

आणखी एक, ३३, ४४, ५० अशा संख्या यादीत असतील तर अदलाबदलीच्या मोजणीतून वगळा. ३३ उलटा लिहिला तरी ३३च दिसतो, आणि ५० ला कुणी ०५ लिहीत नाही.

माजी सीआरपी
१५ मिनिटं अशी वापरा. पहिली ३ मिनिटं फक्त प्रश्न. नंतर ६ मिनिटं सभेच्या हातात काम द्या: मुलांच्या उत्तरांच्या आठेक चिठ्ठ्या, वर 'सांगितलेली संख्या' आणि 'लिहिलेली संख्या' एवढंच. चार-चार शिक्षकांनी त्या गटांत लावायच्या. तुमचं वर्गीकरण आधी सांगू नका, नाहीतर सगळे माना डोलावतील आणि चहाला जातील. उत्तरं आकड्यांत असल्यामुळे कन्नड-मराठीची अडचणच येत नाही, फक्त वरची ओळ दोन्ही भाषांत लिहा. उरलेल्या ६ मिनिटांत तुमचा उपाय, काय बदललं आणि काय बदललं नाही.

"काय बदललं नाही" ही ओळ हमखास गाळली जाते. ती नसली की पुढचा शिक्षक तेच करून तिथंच अडकतो.

हातात द्यायला ए-फोर कागदाची एकच बाजू: इयत्ता आणि पट, प्रश्न एका वाक्यात, संख्यांची यादी जशीच्या तशी, रोज काय केलं (साहित्य आणि वेळ), चुकांचे आकडे, गैरहजर किती. यादी नसलेला कागद निरुपयोगी, कारण दुसऱ्या शाळेला ते करूनच बघता येत नाही. शैक्षणिक साहित्याचे रंगीत फोटो मात्र बिनधास्त गाळा.

नावं काढाच, पण तेवढ्यानं भागत नाही. छोट्या गावात "एक मुलगी, ऊसतोड कामगाराची" म्हटलं की सगळ्यांना कळतं कोण ती. क्रमांक द्या आणि घरची माहिती लिहू नका. वहीचा फोटो क्लस्टरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकण्याआधी वरचं नाव कापलंय का बघा. एचएमना (मुख्याध्यापकांना) आधी विचारा, एसडीएमसीच्या (शाळेच्या पालक समितीच्या) कानावर घाला.

निपाणी_गणित
वरचं सगळं मान्य, पण मुळात एक भोक आहे. शेवटी "पुन्हा तेच श्रुतलेखन" घेतलंत. तीन आठवड्यांत मुलांना त्या २० संख्या पाठ होऊ शकतात. सभेत कुणीतरी हे विचारणारच. सभेआधी ब यादी घ्या: तुमच्या पहिल्या, म्हणजे अ यादीमध्ये २७, ३६, २९, ५८, ७४ असतील तर ब मध्ये २८, ३७, ४९, ५७, ७३. अवघडपणा तोच, संख्या नव्या. प्रत्येक संख्या दोनदाच उच्चारायची, बोटं दाखवायची नाहीत, तपासायला दुसऱ्या शिक्षकांना द्यायची. दसऱ्याच्या सुट्टीनंतर तीच ब यादी परत घेतली तर किती टिकलं तेही समजेल. आपल्याकडं ती मोठी सुट्टी फुकट मिळते, वापरा की.

आणि लिहिताना मुलांचे हात बघा. काही मुलं सत्तावीस ऐकून आधी ७ लिहितात, मग त्याच्या डावीकडं २. उत्तर बरोबर येतं, वहीत काही दिसत नाही, पण घाईत तेच मूल घसरतं. अशा मुलांच्या क्रमांकापुढं नुसती खूण करत जा.

गठ्ठे_आणि_सुटे, चिकोडी
निपाणीकरांच्या मुद्द्याला जोडून. कारण नावात आहे की स्थानिक किमतीत, हे वेगळं काढायला त्याच संख्या तीन प्रकारे द्या: मराठीत उच्चारून, कन्नडमध्ये उच्चारून, आणि न बोलता गठ्ठे-सुट्या काड्या दाखवून. कन्नडमध्ये २७ म्हणजे इप्पत्तेळु, वीस आधी. २९ म्हणजे इप्पत्तोंबत्तु, तिथं 'एकोण' नाहीच. चूक फक्त मराठी श्रुतलेखनात आली तर नावाकडं बोट जातं. काड्यांवरही आली तर गठ्ठ्यांवरच काम करा. ज्या मुलांना कन्नड संख्या येतच नाहीत त्यांना दुसऱ्या प्रकारातून वगळा.

सभेत कुणीतरी २०१९ चा वाद काढेल, बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या, एकवीसला 'वीस एक' म्हणण्याचा. त्यात अडकलात तर १५ मिनिटं तिथंच संपतील. "ते चहाला बोलू" म्हणा.

तिसरीच्या बाई, खानापूर
ब यादी घेते. शेजारच्या कन्नड आणि उर्दू शाळेला हीच यादी करून बघायला सांगितली तर तुलना म्हणून मांडता येईल का?

माजी सीआरपी
सांगा, पण "कन्नड मुलं पुढं, मराठी मागं" असा अर्थ काढू देऊ नका. हजेरी, पट, शिक्षक सगळंच वेगळं असतं. तुलना एकूण गुणांची नको, चुकीच्या जातीची करा. कन्नड शाळेतही २७ चं ७२ दिसलं तर नावाचं कारण कच्चं पडतं.

उर्दू शाळा इथं फार कामाची. 'एकोण'सारखे उनतीस (२९), उनतालीस (३९) तिथंही आहेत, त्यामुळं २९ ला ३९ तिथंही यायला हवा. पण ८९ ला ते नवासी म्हणतात, त्यात 'उन' नाही; आपण एकोणनव्वद. म्हणून ८९ अ आणि ब दोन्ही याद्यांत ठेवा. आणि ९९ पण, ते आपल्याकडंही नव्याण्णव, त्यात 'एकोण' नाही. या दोन संख्यांवरच्या चुका तिन्ही शाळांतून वेगळ्या मागवा.