प्रिन्सचं हिप-हॉपवर ऋण आहे की नाही?

उत्तररात्र

२१ एप्रिल २०१६ ला अमेरिकन गायक-वादक प्रिन्स गेला. ५७ वर्षांचा होता. आपल्याकडे त्याचा विषय निघाला की जांभळा कोट, गिटार आणि मायकल जॅक्सनशी तुलना, एवढ्यावर बोलणं संपतं. परवा एका मित्राशी यावरून चांगलाच वाद झाला. तो म्हणाला, सोल या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकीवर त्याची छाप आहे हे मान्य, पण हिप-हॉपशी, म्हणजे रॅप आणि त्यामागच्या ठेक्याशी, त्याचा काय संबंध? मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून इथे मांडतोय.

१९८४ चं 'व्हेन डव्ह्ज क्राय' हेडफोन लावून ऐका. त्यात बेस, म्हणजे तळाचे खर्जातले सूर, नाही. बेस वाजवून झाला होता, तो त्याने शेवटी काढून टाकला. नाचायच्या गाण्यातून बेस काढायचा म्हणजे घराचं जोतंच काढण्यासारखं, आणि तरी ते गाणं अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. मग ते उभं कशावर आहे? ड्रम मशीनवर. रॉजर लिनचं एलएम-१ हे खऱ्या ड्रमचे आवाज साठवणारं पहिलं मशीन, जेमतेम पाचशेच्या आसपास बनली. त्यात प्रत्येक आवाजाचा सूर स्वतंत्र चढवता-उतरवता यायचा. प्रिन्सने ड्रमच्या कडेवर काठी आपटल्याचा आवाज इतका खाली उतरवला की कुणी लाकडी दारावर ठकठक करतंय असं वाटावं. तो आवाज मग गिटारच्या पेडलांतून काढला. मशीनचा मशीनपणा त्याने लपवला नाही. आज रॅपमागे जो सडा, मधे भरपूर जागा सोडलेला ठेका असतो, त्याचं एक मूळ इथे आहे असं माझं ठाम मत आहे.

सोलापूरकर

तुमचं प्रेम कळतं, पण क्रम उलटा लावताय. हिप-हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला, ११ ऑगस्ट १९७३ च्या पार्टीतला मानतात. त्या दिवशी प्रिन्स त्याच्या गावी, मिनियापोलिसमध्ये, पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. डीजे कूल हर्क तेव्हा दोन रेकॉर्ड प्लेअरांवर फंक या ठेकेदार नाच-संगीताच्या रेकॉर्डमधला नुसत्या ठेक्याचा तुकडा लांबवत होता, आणि त्यात जेम्स ब्राउन आघाडीवर. ब्राउनच्या १९७० च्या 'फंकी ड्रमर'मधला त्याचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड याचा काही सेकंदांचा ठेका पुढे हजाराहून जास्त गाण्यांत वापरला गेला. ऋण म्हणतात ते याला.

आणि सडा ठेका म्हणाल, तर रन-डीएमसी या रॅप गटाचं 'सकर एम.सी.ज्' १९८३ चं आहे. ड्रम मशीन आणि बोल, बाकी काही नाही. तुमच्या गाण्याच्या एक वर्ष आधी.

प्रिन्सला रॅपबद्दल काय वाटायचं तेही सांगा की. १९८७ च्या 'ब्लॅक अल्बम'मधल्या 'डेड ऑन इट'मध्ये त्याने रॅपर बेसुरे असतात म्हणून टिंगल केली. तो अल्बम त्याने ऐनवेळी मागे घेतला, १९९४ मध्ये बाहेर आला. स्वतःच्या गाण्यांची सॅम्पल, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या गाण्यात वापरायचे तुकडे, द्यायलाही तो फार हात आखडता घ्यायचा. ज्याने दार बंद ठेवलं त्याला घराचा मालक कसं म्हणायचं?

उत्तररात्र

'सकर एम.सी.ज्'चा मुद्दा बिनतोड आहे. सडा ठेका पहिल्यांदा त्याने आणला असं मी म्हणणार नाही. पण मूळ एकच असतं असंही नाही ना. 'आय फील फॉर यू' घ्या. प्रिन्सने ते १९७९ मध्ये गायलं. १९८४ मध्ये शाका खानने केलं तेव्हा सुरुवातीलाच मेली मेल तिचं नाव घेत रॅप करतो, आणि स्टीव्ही वंडरचा माउथ ऑर्गन आहे. सोल गायिका आणि रॅपर एकाच मोठ्या गाण्यात, आणि खाली प्रिन्सची चाल.

सोलापूरकर

प्रिन्सच्या मूळ गाण्यात रॅपचा एक शब्द नाही. ती कामगिरी शाकाच्या रेकॉर्डची, तिचा निर्माता आरिफ मार्दिन याची. चाल प्रिन्सची, हे कबूल.

रेवा

मी मिनियापोलिसजवळ राहते, सोळा वर्षं होतील. हिप-हॉपचं तुम्ही दोघं बघा, मला सोलबद्दल बोलायचंय, कारण ते तुम्ही 'मान्य' म्हणून एका ओळीत उडवलंत आणि खरी श्रीमंती तिथेच आहे.

जिमी जॅम आणि टेरी लुईस हे प्रिन्सने उभ्या केलेल्या 'द टाइम' या बँडमधले. १९८३ मध्ये दुसऱ्यांचं रेकॉर्डिंग करायला अटलांटाला गेले, बर्फात अडकले, बँडचा कार्यक्रम चुकला. प्रिन्सने दोघांना काढून टाकलं. त्यांनी मिनियापोलिसमध्येच गायिका जॅनेट जॅक्सनचा 'कंट्रोल' हा अल्बम केला, १९८६ मध्ये. त्यातले कडक, करकरीत ड्रम ऐका आणि सांगा हे कुठून आले. नव्वदच्या दशकातलं आर अँड बी, म्हणजे सोलचाच पुढचा अवतार, त्या वाटेने गेलं. म्हणजे ज्यांना त्याने घालवलं त्यांच्याकडूनही त्याची शिकवण पसरली.

आणि सोल गायक डी'अँजेलो. २००० च्या 'वूडू'मधलं 'अनटायटल्ड' हे गाणं म्हणजे प्रिन्सला घातलेला दंडवत आहे. ती वरच्या पट्टीतली कुजबुज, शेवटी किंकाळीपर्यंत नेलेली, आणि मग गाणं मधेच तुटतं. त्या अल्बमवर ड्रम वाजवणारा क्वेस्टलव्ह हिप-हॉप बँडचा माणूस, आणि प्रिन्सचा निस्सीम भक्त. त्यामुळे सोल इकडे आणि हिप-हॉप तिकडे, ही तुमची भिंत मला तरी दिसत नाही.

प्रिन्स गेला त्या रात्री इथल्या 'फर्स्ट अव्हेन्यू' क्लबबाहेर रस्ता बंद करून लोक पहाटेपर्यंत नाचत होते. मीही होते. शेजारी साठीच्या एक बाई आणि हुडी घातलेली पोरं, सगळ्यांना सगळे शब्द पाठ.

बीटवाला_ठाणे

मी स्वतः बीट, म्हणजे रॅपमागचे ठेके, बनवतो, म्हणून एक कारागिरीची गोष्ट. प्रिन्सने टेप हळू चालवून गायचं आणि मग नेहमीच्या वेगाने वाजवायचं, असं करून आपला आवाज चढवला आणि त्याला कॅमिल हे नाव दिलं. १९८७ चं 'इफ आय वॉज युअर गर्लफ्रेंड' त्याच आवाजात आहे. पुरुष की बाई, सांगता येत नाही. हेच गाणं टीएलसी या गायिकांच्या गटाने १९९४ मध्ये गायलं, आणि २००२ मध्ये रॅपर जे-झी आणि गायिका बियॉन्सेच्या 'बॉनी अँड क्लाइड'मध्ये त्याच्या ओळी आल्या. गायक फ्रँक ओशनचं २०१६ चं 'नाइक्स' मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो चढवलेला आवाज ऐकून मला लगेच कॅमिल आठवली.

ड्रमच्या सुराबद्दल उत्तररात्र म्हणतात ते शंभर टक्के. माझे काका ढोलकी वाजवतात. गाणाऱ्या बाईची पट्टी बदलली की आधी ढोलकी सुरात लावायची, मगच हात टाकायचा. ड्रमलाही सूर असतो हे मला घरातच कळलं होतं, पण मशीनचाही लावायचा असतो हे प्रिन्समुळे कळलं.

सोलापूरकर

कॅमिलचं पटलं. तरी माझा प्रश्न तसाच आहे. खणखणीत रॅपवाल्यांपैकी कुणी त्याच्याकडून काही घेतलं का? जे-झीचं ते गाणं प्रेमगीत आहे. आणि एम. सी. हॅमरसारख्या पॉप रॅपरने 'व्हेन डव्ह्ज क्राय' उचललं हे सांगू नका.

उत्तररात्र

पब्लिक एनिमी हा रॅप गट. त्यांचं १९९० चं 'ब्रदर्स गॉना वर्क इट आउट'. त्यात किंचाळणारी गिटार आहे ती 'लेट्स गो क्रेझी'मधली, प्रिन्सची. याहून खणखणीत कोण? पुढे १९९९ च्या प्रिन्सच्या अल्बममध्ये त्याच गटाचा चक डी स्वतः येऊन रॅप करून गेला.

आणि मालकीची लढाई. त्याने गालावर 'गुलाम' असं लिहून स्टेजवर जायचं धाडस केलं, नाव टाकून चिन्ह घेतलं, कारण स्वतःच्या मूळ रेकॉर्डिंगवर त्याचा हक्क नव्हता. आज प्रत्येक रॅपर मास्टर्सची, म्हणजे याच मूळ रेकॉर्डिंगच्या मालकीची, भाषा बोलतो.

सोलापूरकर

पब्लिक एनिमी मान्य. मालकीचं नाही. गाडीच्या डिकीतून कॅसेट विकणाऱ्या रॅपर पोरांना ते गल्लीत शिकायला मिळालं. १९९६ मध्ये रॅपर मास्टर पी ने मालकी स्वतःकडे ठेवून करार केला. प्रिन्सला ती २०१४ मध्ये मिळाली.

माझं म्हणणं एवढंच की मोठ्या नावाच्या सावलीत स्टबलफील्डसारखा माणूस झाकला जातो. हजार गाण्यांत त्याचा हात आहे आणि त्या ठेक्याचे हक्क त्याच्याकडे नव्हते. मला त्याची जास्त कळकळ आहे.

रेवा

सोलापूरकर, स्टबलफील्ड इथून चार-पाच तासांवर, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला राहायचे. त्यांना कॅन्सर झाला तेव्हा विमा नव्हता. दवाखान्याचं ९० हजार डॉलरच्या आसपासचं बिल प्रिन्सने भरलं, आणि कुठे वाच्यता केली नाही. प्रिन्स गेल्यावर स्टबलफील्ड यांनीच ते सांगितलं. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, तेही गेले.

सोलापूरकर

हे मला माहीत नव्हतं. ठेका स्टबलफील्डचाच, यावर मी अजून ठाम आहे. प्रिन्सलाही ते ठाऊक होतं म्हणायचं.