मदत हवी आहे: नॉक-ऑफ नट निघत नाही

वायरचाकी: पुढच्या उजव्या चाकाचा नॉक-ऑफ नट (मधला एकच मोठा, ठोकून सोडायचा) जागचा हलत नाही. डब्ल्यूडी-४० मारून झालं, हातोडा मारून झाला. रविवारी रॅली आहे. कुठलं हत्यार घेऊ? लवकर सांगा.

गंजपेठकर: गाडी कुठली? नट कानवाला, म्हणजे ठोकायला बाजूला पाती असलेला, की अष्टकोनी? हातोडा कशाचा?

वायरचाकी: एमजी टीसी, १९४८ची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. कानवाला. हातोडा घरातलाच, लोखंडी, मध्ये फडकं धरून.

स्पॅनरभाऊ: लोखंडी?? कान चेपले की क्रोमचे पैसे पाण्यात. शिशाचा नाहीतर तांब्याचा घ्या.

कोव्हेंट्रीकर: माझी एमजीबी आहे. इकडे थॉरचा हातोडा वापरतात, एका तोंडाला तांबं, दुसऱ्याला कातडं. पण मुळात फिरवताय कुठल्या बाजूला? उजव्या चाकांना उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने सुटतात. सोपी खूण: डावं असो की उजवं, वरचा कान गाडीच्या नाकाकडे मारायचा.

वायरचाकी: नटावरचा दिशेचा बाण पॉलिशमध्ये घासून गेलाय. म्हणून दोन्हीकडे मारून पाहिलं.

गंजपेठकर: म्हणजे अर्धे घाव आवळण्यात गेले की राव! मागचं उजवं कसं सुटतं?

वायरचाकी: घड्याळाच्या दिशेने.

निवृत्त_फोरमन: पाईप पाना लावा, मागे चार फुटी पाईप घाला. ट्रकला आयुष्यभर हेच केलं.

स्पॅनरभाऊ: काका, ट्रकच्या नटाला कान नसतात. पान्याचे दात क्रोममध्ये रुततील. त्यापेक्षा सागाची जाड फळी घ्या, सुताराकडून दोन्ही कान बसतील अशी खाच पाडून घ्या, लांब टोकावर वजन टाका. ठोकाठोक नाही. चाक जमिनीवरच ठेवा, जॅकवर हिसके दिले तर गाडी घसरेल.

कोव्हेंट्रीकर: सोडताना जमिनीवर, मान्य. आवळताना मात्र आधी चाक उचलून बसवायचं, नाहीतर ते हबच्या शंकूवर वाकडं बसतं.

स्पॅनरभाऊ: आवळायचं कोणी विचारलंय?

टायरवाला_सांगली: वायर व्हील (स्पोकची चाकं) काढून टाका, ट्यूबलेस बसवा. स्पोक रिमला आवळणाऱ्या निपलमधून हवा जाते, त्यामुळे यात ट्यूब लागतेच.

नवखा७७: अष्टकोनी नट कधी आले?

कोव्हेंट्रीकर: १९६८ पासून अमेरिकेत बाहेर आलेल्या कानांना बंदी झाली, तेव्हापासून वाढले.

हौशी_संग्राहक: गाडी विकणार का? व्यक्तिगत निरोप करा.

वायरचाकी: नाही विकणार. फळीने निघाला नट! दोघे लोंबकळलो, कट्ट आवाज आला आणि सुटला. आता चाकच हबला चिकटलंय.

गंजपेठकर: चाक आणि हबचे एकमेकांत बसणारे आतले दाते गंजलेत. नट परत हाताने लावा, पूर्ण आवळू नका, थोडी ढील ठेवा. चाक जमिनीवर ठेवून गाडी हातभर मागे-पुढे ढकला, सुटेल. मग तारेच्या ब्रशने दाते घासा आणि ग्रीस लावल्याशिवाय चाक चढवू नका.

निवृत्त_फोरमन: तरी पाईप पान्याने लवकर झालं असतं.